ॲडम ऑसबॉर्न

ॲडम ऑसबॉर्न (जन्म : ६ मार्च, इ.स. १९३९, बँकॉक, थायलंड. मृत्यू : १८ मार्च, इ.स. २००३, कोडाईकनाल, तमिळनाडू, भारत) हे ब्रिटिश-अमेरिकन अभियंता, तांत्रिक ग्रंथकार, प्रकाशक आणि संगणक-उद्योजक होते. व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेला पहिला सुवाह्य संगणक ‘ऑसबॉर्न १’ त्यांनी इ.स. १९८१ मध्ये बाजारात आणला. उचलून नेता येणारा संगणक हा घरातल्या किंवा कचेरीतल्या मोठ्या संगणकाचा पूरक असतो, असे तोपर्यंत समजले जात होते. तोच संगणक माणसाचा एकमेव आणि रोजचा संगणक होऊ शकतो, ही कल्पना ऑसबॉर्न यांनी प्रत्यक्षात आणून दाखवली. त्यांची कंपनी अडीच वर्षांच्या आत बुडाली आणि त्या दिवाळखोरीमुळे त्यांचे नाव व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत एका चुकीचे उदाहरण म्हणून रूढ झाले. त्यांच्या आयुष्याची सुरुवातीची आणि अखेरची वर्षे भारतात गेली.

बालपण : तिरुवन्नामलै आणि कोडाईकनाल

ॲडम यांचे वडील आर्थर ऑसबॉर्न हे इंग्रज होते व बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करीत. आई ल्युसिया या मूळच्या पोलंडच्या. दोघांनाही अध्यात्माची ओढ होती. इ.स. १९४१ मध्ये रजेवर असताना हे कुटुंब भारतात आले. पत्नी व तीन मुलांना तिरुवन्नामलै येथे रमण महर्षींच्या आश्रमाजवळ ठेवून आर्थर नोकरीसाठी बँकॉकला परतले. त्याच वर्षी डिसेंबरात जपानी सैन्य थायलंडमध्ये शिरले आणि आर्थर यांना स्थानबद्ध करण्यात आले. ते सुटून इ.स. १९४५ मध्ये भारतात आले, तेव्हा त्यांचा मुलगा साडेसहा वर्षांचा झाला होता. वडिलांना ओळखण्याइतकीही आठवण त्या वयाच्या मुलाला असणे कठीण.

ॲडम हे अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी, तमिळ मुलांच्या संगतीत वाढले व तमिळ सहज बोलू लागले. त्यांचे काही शालेय शिक्षण कोडाईकनाल येथील कॉन्व्हेंट शाळेत झाले. आर्थर यांनी पुढे रमण महर्षींचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि इ.स. १९६४ मध्ये आश्रमाचे ‘द माउंटन पाथ’ हे नियतकालिक सुरू केले. आश्रमाच्या परिसरात आर्थर यांचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि संगणकाच्या इतिहासात त्यांच्या मुलाचे. दोन्हीकडच्या वाचकांना या पितापुत्रांचे नाते सहसा ठाऊक नसते.

शिक्षण आणि नोकरी

वयाच्या अकराव्या वर्षी ॲडम इंग्लंडला गेले. तेथे शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी इ.स. १९६१ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाची रासायनिक अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्यानंतर ते अमेरिकेला गेले व डेलावेर विद्यापीठातून इ.स. १९६८ मध्ये त्यांनी त्याच विषयात डॉक्टरेट घेतली. कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीत नोकरी करीत असताना गणिती आकडेमोडीच्या निमित्ताने त्यांचा संगणकाशी जवळून संबंध आला. मोठ्या कंपनीच्या शिस्तीत त्यांचे मन रमले नाही. ते स्पष्टवक्ते, काहीसे उद्धट आणि अतिशय हजरजबाबी होते, असे त्यांच्या समकालीनांच्या आठवणींवरून दिसते.

ग्रंथकार आणि प्रकाशक

इ.स. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी नोकरी सोडून ऑसबॉर्न संगणक कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका लिहू लागले. यंत्र बनवणाऱ्या अभियंत्याला ते यंत्र दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ही त्या काळची मोठी अडचण होती. ऑसबॉर्न यांना हे काम साधले. सूक्ष्मप्रक्रियकाची, म्हणजे एका चकतीवर मावणाऱ्या संगणकाच्या गाभ्याची, ओळख करून देणारे ‘ॲन इंट्रोडक्शन टू मायक्रोकॉम्प्युटर्स’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी ते स्वतःच छापले. एका संगणक कंपनीने आपल्या प्रत्येक यंत्रासोबत त्याची प्रत देण्यास सुरुवात केल्यावर पुस्तकाचा खप झपाट्याने वाढला.

यंत्राबरोबर ग्राहकाला लागणारी वस्तू त्याच किमतीत दिली, तर यंत्रही खपते आणि वस्तूही खपते, हा या व्यवहाराचा धडा होता. पुढे ऑसबॉर्न यांनी तोच आपल्या संगणकाला लावला. त्यांच्या प्रकाशनसंस्थेची यादी काही वर्षांतच चाळीसच्या आसपास ग्रंथांवर गेली आणि इ.स. १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिल या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती विकत घेतली.

याच काळात ते नियतकालिकांत सदर लिहीत. अपुरी यंत्रे विकणाऱ्या, न केलेल्या वस्तूंच्या जाहिराती करणाऱ्या आणि ग्राहकाला वाऱ्यावर सोडणाऱ्या कंपन्यांवर त्यांनी कठोर टीका केली. पुढे स्वतः कारखानदार झाल्यावर ही टीका त्यांच्यावरच उलटणार होती.

सुवाह्य संगणकाची कल्पना

इ.स. १९८० च्या सुमारास संगणक विकत घेणे म्हणजे निरनिराळ्या दुकानांतून भाग गोळा करणे होते. मुख्य यंत्र एका कंपनीचे, पडदा दुसरीचा, फ्लॉपी चालवणारे उपकरण तिसरीचे आणि लेखनाचे सॉफ्टवेअर चौथ्याचे असे. सगळे जोडून चालू करणे ही ज्याची त्याची जबाबदारी असे. हिशेबनीस, वकील, पत्रकार किंवा शिक्षक अशा माणसाला यात स्वारस्य नव्हते. त्याला पत्रे लिहायची होती आणि हिशेब मांडायचे होते.

उचलता येण्याजोगे संगणक त्याआधी झाले नव्हते असे नाही. आयबीएमचा ५१०० हा संगणक इ.स. १९७५ मध्ये आला होता. त्याचे वजन सुमारे २५ किलो होते आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात ॲलन के यांच्या गटाने इ.स. १९७८ मध्ये ‘नोटटेकर’ नावाचा नमुना तयार केला होता; तो विक्रीस आलाच नाही. ऑसबॉर्न यांना नवा शोध लावायचा नव्हता. बाजारात मिळणाऱ्या साध्या, स्वस्त भागांतून पुरेसे काम करणारे यंत्र जुळवायचे होते. त्यांच्या मते ग्राहकाची ९० टक्के गरज भागवणारे यंत्र निम्म्या किमतीत मिळाले, तर उरलेल्या १० टक्क्यांसाठी बहुतेक लोक जास्त पैसे मोजणार नाहीत. पुरेसे असणे पुरे आहे, हे त्यांच्या सगळ्या धंद्याचे सूत्र होते. हेन्री फोर्ड यांच्या मोटारीशी ते आपल्या यंत्राची तुलना करीत, ती याच अर्थाने.

यंत्राची प्रत्यक्ष रचना ली फेल्सेनस्टाइन यांनी केली. कॅलिफोर्नियातील हौशी संगणकप्रेमींच्या ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’च्या सभांचे ते सूत्रसंचालक होते. या जोडगोळीची कंपनी हेवर्ड या गावी उभी राहिली.

‘ऑसबॉर्न १’ची रचना

एप्रिल इ.स. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर या प्रदर्शनात ‘ऑसबॉर्न १’ लोकांसमोर आला आणि जुलैपासून विक्रीस उपलब्ध झाला. बंद स्थितीत तो शिलाई यंत्राच्या पेटीसारखा दिसे. पेटीचे झाकण उघडले की झाकणाच्या आतल्या बाजूलाच कळफलक असे. समोर मधोमध ५ इंचांचा पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॉपी घालण्याच्या खाचा आणि त्यांच्या खाली फ्लॉपी ठेवण्याचे दोन खण. पाठीमागे मूठ होती. यंत्राचा गाभा झेड-८० हा प्रक्रियक होता, मेमरी ६४ किलोबाइट होती आणि सीपी/एम ही त्या काळी सर्वत्र रूढ असलेली कार्यप्रणाली त्यावर चाले.

६४ किलोबाइट हा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण त्याचे मोल कळण्यासाठी मुंबईचे उदाहरण घ्यावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक इ.स. १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, त्याने एक मोठी खोली व्यापली होती आणि त्याची मेमरी प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या भाषेत १० किलोबाइटची होती. एकवीस वर्षांनी त्याच्या सहापट मेमरी एका हाताने उचलता येणाऱ्या पेटीत आली.

एका हाताने उचलता येणारी, हे मात्र जाहिरातीतले म्हणणे झाले. ‘ऑसबॉर्न १’चे वजन सुमारे ११ किलो होते. विमानातील आसनाखाली तो मावे, परंतु तो घेऊन लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढायच्या म्हटल्या असत्या तर संगणकासाठीही डोली करावी लागली असती. त्याला आतील बॅटरी नव्हती. भिंतीतल्या विजेवाचून तो चालत नसे. म्हणून आजच्या अर्थाने तो लॅपटॉप नव्हता. एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर मांडायचा तो संगणक होता आणि बहुसंख्य ग्राहकांना तेवढेच हवे होते.

किंमत १,७९५ डॉलर ठेवण्यात आली. त्या वेळच्या दराने ती सुमारे साडेपंधरा हजार रुपये होती. या किमतीत लेखनासाठी ‘वर्डस्टार’, तक्ते व हिशेब यांसाठी ‘सुपरकॅल्क’ आणि बेसिक या संगणकभाषेच्या दोन आवृत्त्या मिळत. हे सॉफ्टवेअर सुटे घेतले असते तर सुमारे १,५०० डॉलर पडले असते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना रोख रकमेऐवजी कंपनीचे समभाग किंवा ठोक खपाचे आश्वासन देऊन ऑसबॉर्न यांनी हा व्यवहार जमवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसीची सुरुवातीची किंमत १,५६५ डॉलर होती, पण त्यात पडदाही नव्हता आणि फ्लॉपीचे उपकरणही नव्हते.

रोजच्या कामातील उपयोग

छोट्या यंत्रावर रोजचे काम करायचे तर यंत्राच्या मर्यादा ओळखून कामाची पद्धत बसवावी लागते. ‘ऑसबॉर्न १’च्या वापरकर्त्यांनी हे कसे केले, ते पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या प्रत्येक छोट्या संगणकाच्या वापरकर्त्याला थोड्याफार फरकाने तेच करावे लागले.

पहिली अडचण पडद्याची होती. ५ इंचांच्या पडद्यावर २४ ओळी मावत आणि एका ओळीत केवळ ५२ अक्षरे दिसत, तर टंकलिखित पानाची ओळ साधारणपणे ८० अक्षरांची धरली जाई. यावर फेल्सेनस्टाइन यांनी काढलेली तोड चतुर होती. संगणकाच्या मेमरीत १२८ अक्षरे रुंदीचे पान ठेवलेले असे आणि पडदा म्हणजे त्या पानावर फिरणारी खिडकी असे. कळ दाबली की खिडकी डावीकडे किंवा उजवीकडे सरके. हिशेबाच्या रुंद तक्त्यांसाठी हे चांगले होते. सलग लेखनासाठी मात्र प्रत्येक ओळीला खिडकी सरकवणे त्रासाचे होई. म्हणून लिहिणारे लोक वर्डस्टारमध्ये समास ५२ अक्षरांपेक्षा आत घेत, अख्खी ओळ डोळ्यांसमोर ठेवून मजकूर लिहीत आणि छपाईच्या वेळी समास पुन्हा रुंद करीत. लिहिताना मजकूर पाहायचा, पानाची मांडणी नंतर करायची, ही सवय त्यामुळे लागली. ती वाईट म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण साठवणीची. प्रत्येक फ्लॉपीवर सुमारे ९१ किलोबाइट माहिती मावे. हे इंग्रजी मजकुराच्या साधारण पन्नास टंकलिखित पानांएवढे झाले. एका खाचेत वर्डस्टारची फ्लॉपी आणि दुसऱ्या खाचेत आपल्या लेखनाची, अशी मांडणी करावी लागे. मोठे पुस्तक लिहिणारा लेखक एकेका प्रकरणासाठी एकेक फ्लॉपी ठेवी व प्रत्येकीची दुसरी प्रत काढून वेगळी जपे. फ्लॉपी खराब होणे नित्याचे असल्यामुळे दुहेरी प्रतीची शिस्त ऐच्छिक नव्हती.

तिसरी सोय विशेष उल्लेखनीय आहे. यंत्राच्या दर्शनी बाजूस बाहेरचा मोठा पडदा जोडण्याची जागा दिलेली होती. त्याशिवाय छपाईयंत्र आणि दूरध्वनीवरून माहिती पाठवण्याचे मोडेम यांचीही जोडणी होती. त्यामुळे दिवसा कचेरीत मोठ्या पडद्यापुढे बसायचे, संध्याकाळी जोडण्या काढून पेटी घरी न्यायची आणि तिथे छोट्या पडद्यावर भागवायचे, असे करता येई. लॅपटॉपला घरी मोठा पडदा व वेगळा कळफलक जोडून बसणारा आजचा विद्यार्थी नेमके हेच करतो. दोन संगणक बाळगण्यापेक्षा एकच बाळगावा आणि त्याला जागेप्रमाणे वाढवावे किंवा आखडते घ्यावे, हा विचार यात आहे.

देवनागरीत लिहिण्याची सोय त्या यंत्रावर नव्हती. त्यातील अक्षरांचे साचे रोमन लिपीसाठीच होते. मराठी वाचकाने हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुरेसे म्हणजे कोणासाठी पुरेसे, हा प्रश्न ऑसबॉर्न यांच्या सूत्रात दडलेलाच आहे.

भरभराट आणि दिवाळखोरी

कंपनीची वाढ तिच्या संस्थापकांनाही अनपेक्षित होती. भरात असताना महिन्याला १०,००० यंत्रांपर्यंत विक्री गेली. गंमत अशी की आरंभी एकूण एवढीच विक्री होईल, असा त्यांचा होरा होता. हिशेब ठेवणे, माल मोजणे, दुरुस्तीची हमी पाळणे यांची घडी मात्र या वेगाने बसली नाही.

यशाबरोबर स्पर्धक आले. इ.स. १९८२ मध्ये अँड्र्यू के यांच्या कंपनीने ‘केप्रो २’ हा संगणक नेमक्या १,७९५ डॉलरलाच आणला. त्याचा पडदा ९ इंचांचा होता आणि त्यावर ८० अक्षरांची पूर्ण ओळ दिसे. नोव्हेंबर इ.स. १९८२ मध्ये कॉम्पॅकने आपला सुवाह्य संगणक जाहीर केला. तो महाग आणि अधिक जड होता, परंतु आयबीएमच्या पीसीवरील सॉफ्टवेअर त्यावर चाले. बाजार वेगाने आयबीएमकडे झुकत होता आणि सीपी/एमचे दिवस भरत आले होते. ऑसबॉर्न यांच्या सूत्राची ही मोठी परीक्षा होती. काय पुरेसे आहे हे ग्राहक ठरवतो आणि त्याचे मत वर्षभरात बदलू शकते.

इ.स. १९८३ च्या आरंभी रॉबर्ट जॉनिच या व्यावसायिक व्यवस्थापकाकडे कंपनीची सूत्रे देण्यात आली. समभागांची सार्वजनिक विक्री करण्याचा बेत होता. परंतु हिशेब तपासता तपासता नफ्याच्या जागी तोटा निघाला आणि बेत सोडावा लागला. ७ इंचांचा पडदा व ८० अक्षरांची ओळ असलेला ‘ऑसबॉर्न एक्झिक्युटिव्ह’ हा नवा संगणक २,४९५ डॉलर किमतीला आणण्यात आला, पण तोपर्यंत हातात पैसा उरला नव्हता. १३ सप्टेंबर इ.स. १९८३ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

‘ऑसबॉर्न परिणाम’ आणि त्यावरील आक्षेप

नवे यंत्र तयार होण्याआधीच त्याची वाच्यता केली, त्यामुळे ग्राहकांनी जुने घेणे थांबवले आणि कंपनी बुडाली, अशी ऑसबॉर्न यांच्या अपयशाची रूढ हकीकत आहे. या प्रकाराला ‘ऑसबॉर्न परिणाम’ असे नाव पडले आणि विक्रीशास्त्राच्या वर्गांत ते अजून शिकवले जाते.

ही हकीकत पूर्ण खोटी नाही, पण तिला मिळालेले महत्त्व अवाजवी आहे. ‘केप्रो २’ त्याच किमतीत जवळपास दुप्पट पडदा देत असताना जुन्या यंत्राची विक्री एरवीही घटलीच असती. कंपनीच्या एका माजी सहकाऱ्याने पुढे सांगितलेली हकीकत तर निराळीच आहे. तीनुसार नवे यंत्र चांगले खपू लागले होते. दरम्यान गोदामात जुन्या यंत्राचे सुमारे दीड लाख डॉलर किमतीचे मुख्य फलक सापडले. ते वाया जाऊ नयेत म्हणून त्यांची पूर्ण यंत्रे बनवण्याचे ठरले आणि त्यासाठी लागणारे पडदे, पेट्या व इतर भाग यांवर सुमारे वीस लाख डॉलर खर्ची पडले. ही हकीकत एका सहकाऱ्याची आहे, हे ध्यानात ठेवूनही ती अधिक पटण्याजोगी वाटते, कारण हिशेबातील ढिलाई इतर मार्गांनीही उघड झालेलीच होती. एका मोठ्या प्रयोगाचे श्रेय एका वाक्प्रचाराखाली झाकले गेले, हा मात्र ऑसबॉर्न यांच्यावर झालेला अन्याय आहे.

ऑसबॉर्न यांनी स्वतः पत्रकार जॉन ड्वोरॅक यांच्यासह ‘हायपरग्रोथ’ (इ.स. १९८४) हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली.

पेपरबॅक सॉफ्टवेअर आणि लोटसचा खटला

इ.स. १९८४ मध्ये त्यांनी ‘पेपरबॅक सॉफ्टवेअर इंटरनॅशनल’ ही कंपनी स्थापन केली. पुस्तकांच्या कागदी बांधणीच्या स्वस्त आवृत्त्यांप्रमाणे सॉफ्टवेअरही स्वस्त मिळावे, हा हेतू तिच्या नावातच होता. तिचे ‘व्हीपी-प्लॅनर’ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर सुमारे १०० डॉलरला मिळे, तर त्या क्षेत्रातील अग्रणी ‘लोटस १-२-३’ची किंमत ४९५ डॉलर होती. लोटस शिकलेल्या माणसाला दुसरे काही शिकावे लागू नये म्हणून व्हीपी-प्लॅनरची आज्ञांची मांडणी लोटससारखीच ठेवली होती.

इ.स. १९८७ मध्ये लोटसने खटला भरला. खटल्याच्या सावलीत दुकानदार माल घेईनासे झाले. जून इ.स. १९९० मध्ये न्यायाधीश रॉबर्ट कीटन यांनी आज्ञांची मांडणीही लेखाधिकारात येते, असा निर्णय लोटसच्या बाजूने दिला. ऑसबॉर्न कंपनीतून बाहेर पडले. पुढे लोटस विरुद्ध बोरलँड या तशाच खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने इ.स. १९९५ मध्ये अशा मांडणीवर लेखाधिकार सांगता येत नाही, असे ठरवले आणि इ.स. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्याने तोच निर्णय कायम राहिला. ऑसबॉर्न यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांची कंपनी तोवर संपली होती.

उत्तरायुष्य

इ.स. १९९२ मध्ये त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात आणखी एक कंपनी काढली. त्याच सुमारास त्यांना मेंदूच्या विकाराने गाठले. लहान लहान आघात वारंवार होऊ लागले आणि काम करणे अशक्य झाले. ते भारतात परतले व कोडाईकनाल येथे बहिणीजवळ राहू लागले. लहानपणी ज्या गावात ते शाळेत जात होते, तेच हे गाव. संगणक-जगाशी त्यांचा संबंध जवळपास तुटला होता. १८ मार्च इ.स. २००३ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले.

छोट्या संगणकाची पुढची वाटचाल आणि महाराष्ट्र

‘ऑसबॉर्न १’नंतरच्या यंत्रांनी त्याची पेटी मागे टाकली. जपानच्या एप्सन कंपनीचा एचएक्स-२० हा वहीच्या आकाराचा, बॅटरीवर चालणारा संगणक जवळपास त्याच काळात आला होता. इ.स. १९८३ मधील टीआरएस-८० मॉडेल १०० हा सुमारे दीड किलोचा संगणक पत्रकारांच्या विशेष आवडीचा झाला. पडदा मिटून बंद होणारी रचना ‘ग्रिड कंपास’ (इ.स. १९८२) या संगणकाने रूढ केली.

किंमत कमी, वजन कमी आणि क्षमता बेताची ठेवण्याचे ऑसबॉर्न यांचे सूत्र पुन्हा मोठ्या प्रमाणावर अवतरले ते इ.स. २००७ मध्ये. तैवानच्या असुस कंपनीने ७ इंचांच्या पडद्याचा, एक किलोहूनही हलका ‘ईईई पीसी’ आणला आणि ‘नेटबुक’ हा वर्ग जन्मास आला. त्याच वर्षी महाराष्ट्राचाही या गोष्टीशी संबंध आला. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या जागतिक उपक्रमाचा भारतातील प्रायोगिक प्रकल्प रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत सुरू झाला. तेथील मुलांना मिळालेल्या एक्सओ या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचे वजन सुमारे दीड किलो होते, पडदा साडेसात इंचांचा होता आणि तो उन्हातही वाचता येई. अंगणात बसून वापरता येणारा संगणक ही ग्रामीण शाळेसाठी लहान सोय नव्हती. शहरी परीक्षकांनी या यंत्राचा संथपणा मोजला, तेव्हा ही बाजू बहुधा त्यांच्या नजरेतून सुटली.

ऑसबॉर्न यांच्या पेटीत नसलेली देवनागरीही मधल्या काळात आली होती. पुण्यात इ.स. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘जिस्ट’ या तंत्राद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. पुढे युनिकोड रूढ झाले आणि विंडोज कार्यप्रणालीसोबत ‘मंगल’ हा देवनागरी टंक मिळू लागला. त्याची रचना सुलेखनकार र. कृ. जोशी यांची होती. त्यानंतर मात्र मराठी माणसाचा छोटा लॅपटॉपही पत्र, हिशेब, प्रबंध आणि अभ्यासाच्या टिपणांसाठी मराठीतून रोज वापरता येऊ लागला.

‘ऑसबॉर्न १’चे नमुने कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयासह जगातील अनेक संग्रहालयांत जतन केलेले आहेत. संग्राहकांकडील काही यंत्रे अद्याप चालू स्थितीत आहेत.